व्यायाम, झोप आणि अश्वगंधा : घेण्याआधी काय तपासाल?

"ते आयुर्वेदिकच आहे डॉक्टर, त्याचं काय सांगायचं!" चालू औषधांची यादी विचारली की हे उत्तर हमखास मिळते. अलीकडे त्यामागे बहुधा अश्वगंधा असते. जिम सुरू केले, अंग दुखते, झोप नीट लागत नाही, म्हणून कोणीतरी सुचवलेली.

अश्वगंधेचे मूळ आयुर्वेदात बल्य म्हणून जुन्या काळापासून वापरले जाते. छोट्या अभ्यासांत तिने झोप थोडी लवकर लागते, व्यायामाची ताकद काहीशी वाढते असे दिसले आहे. मात्र बहुतेक अभ्यास दोन-तीन महिन्यांचेच आहेत. वर्षभर रोज घेण्याला त्यांचा आधार नाही.

चूर्णाची पारंपरिक मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. कॅप्सूलमध्ये बहुधा दाट अर्क असतो, त्यामुळे दोन्हींची तुलना ग्रॅमवर करू नका. रात्री दुधातून चूर्ण आणि सकाळी कॅप्सूल, असे दोन्ही घेणारेही भेटतात. तसे करू नये.

मळमळ, जुलाब, दिवसा झापड हे त्रास सौम्य. खरी काळजी यकृताची. हे क्वचित घडते, पण घडते. साधारण सुरू केल्यापासून 2 ते 12 आठवड्यांत. लघवी गडद पिवळी होणे, अंगाला खाज, भूक मरणे, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी ती बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. कावीळ उतरवून देणाऱ्याकडे जाऊन दिवस घालवू नका. बहुतेक जण बरे होतात, पण त्याला काही महिनेही लागू शकतात. ज्यांना आधीच यकृताचा आजार आहे, त्यांच्या जिवावर बेतू शकते. त्यांनी ती घेऊच नये. गरोदरपणातही नको.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी विचारा. अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात. मग धडधड, हात थरथरणे, आणि ज्यासाठी घेतली ती झोपच उडते! झोपेच्या गोळीसोबत गुंगी वाढते. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या औषधांसोबत साखर वा दाब जास्त उतरू शकतो.

झोपेचे कारण मात्र अनेकदा दुसरीकडेच सापडते. व्यायामाआधी घेतल्या जाणाऱ्या पावडरीत बऱ्याचदा भरपूर कॅफीन असते. संध्याकाळी सातला घेतलेल्या कॅफीनपैकी जवळपास निम्मे रात्री बारालाही शरीरात असू शकते. आधी ती पावडर दुपारनंतर बंद करून दोन आठवडे पाहा. व्यायाम सकाळी हलवता आला तर उत्तमच. घोरणे मोठे असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर त्यावर कोणतेही चूर्ण चालणार नाही, तपासणीच हवी.

पुढच्या भेटीला येताना पावडरीचा डबा आणि कॅप्सूलची बाटली, दोन्ही सोबत आणा. नुसते नाव सांगून भागत नाही. लेबलवर अर्क किती, त्यात आणखी काय मिसळले आहे, हे वाचावे लागते.