चित्रकलेचा तास कुठे गेला?

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक एका ताईच्या ओट्यावर होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या. चहा येईपर्यंत त्या ताईची सहावीतली लेक शेजारी दप्तर भरत बसली होती. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर शाळेचे वेळापत्रक होते. शुक्रवारचे शेवटचे दोन तास : चित्रकला. आम्ही विचारले, या तासाला काय काढता गं? ती म्हणाली, "काही नाही, सर गणित घेतात."

सगळ्या हसलो. पण घरी जाताना आम्हाला आमची शाळा आठवली. आमच्याही वेळी चित्रकलेच्या तासाला पटांगणातले खडे वेचायला लावत. आई शिकली त्या काळातही काही वेगळे नव्हते. म्हणून ठरवले की, हा तास शाळेत आला कसा आणि आपल्या लेकरांपर्यंत पोचताना वाटेत कुठे हरवतो, हे आजच्या गप्पांत बघायचे.

आपला जिल्हाच मुळात चित्रांचा. सोयगाव तालुक्यात अजिंठ्याची लेणी आहेत. तिथली सगळ्यात जुनी चित्रे दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसारखी बरीचशी पाचव्या शतकातली. ती कशावर काढली, हे ऐकून आपल्यातली एखादी म्हणेल, हे तर आमच्या घरचेच काम! आधी दगडाच्या भिंतीवर मातीचा गिलावा. माती तडकू नये म्हणून तिच्यात भाताचा तूस, गवत, झाडपाल्याचे तंतू कालवलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. लाल आणि पिवळा रंग मातीचा, पांढरा चुन्याचा, काळा काजळीचा. फक्त निळा दगड दूरदेशाहून आणलेला. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत, आणि त्यामुळे किडीपासून बचाव झाला असे अभ्यासक सांगतात. भिंत सारवणाऱ्या बाईला यातली निम्मी विद्या आधीच येते. पण तिला चित्रकार कुणी म्हणत नाही.

ही चित्रे बघून शिकायला पहिल्यांदा आले कोण? मद्रासच्या फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल 1844 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामाला लागला. त्याची आणि पारूची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, ती आज सांगत नाही. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा जळाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. हे काम 1885 पर्यंत चालले, आणि त्यातल्याही बऱ्याच नकला लंडनमध्ये आगीत गेल्या. 1909 ते 1911 या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम नावाची एक इंग्रज बाई आली. तिच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते, हैदराबादहून सय्यद अहमद होते. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे अभिरक्षक झाले.

बघा, मुंबई, कलकत्ता, हैदराबाद, लंडन. पुस्तकांत जी नावे राहिली ती अशी लांबच्या शहरांची. लेण्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना शिकवायचे कुणाच्या मनात आले नाही.

आता शाळेतल्या तासाकडे येऊ. जे. जे. कलाशाळा 1857 मध्ये निघाली, जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून. इंग्रजांना त्या काळी चित्रकला हवी होती ती उपयोगाची. सुतार, लोहार, कुंभार यांचा हात सरळ चालावा, माप अचूक यावे, इंग्लंडच्या बाजारात इथली कारागिरी शोभून दिसावी. त्यामुळे शिकवण्याची तऱ्हाही तशीच झाली : समोर वस्तू ठेवायची आणि हुबेहूब उतरवायची. त्याची छाप आजही आहे. एलिमेंटरी परीक्षेचे विषय बघा : वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती आणि अक्षरलेखन. यात वाईट काही नाही. घागर बघून घागर काढता येणे ही मोठी गोष्ट आहे, आम्हाला अजून जमत नाही.

पण ही व्यवस्था मुंबई इलाख्याची होती आणि आपण होतो निजामाच्या राज्यात, जिथे सरकारी शाळेचे माध्यम उर्दू. मराठवाडा मुक्त झाला 17 सप्टेंबर 1948 ला, मुंबई राज्यात गेला 1956 मध्ये, महाराष्ट्र झाला 1960 मध्ये. राज्याचे कला संचालनालय 1965 मध्ये आले, आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा तेच घेते. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या परीक्षा दिल्या, त्या आपल्याकडे फार उशिरा पोचल्या. आणि पोचल्या त्याही जिथे चित्रकलेचे शिक्षक होते अशा मोठ्या शाळांत.

चित्राचे हे झाले. गाणे आणि नाटक यांचे काय? वर्ध्याला 1937 मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. तिच्यातून निघालेल्या नई तालीमच्या आराखड्यात सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सूतकताईसोबत चित्रकला आणि संगीतही होते. ते कागदावर राहिले. पण आपल्या पैठणला त्याच्या कितीतरी आधी एक गुरुजी होऊन गेले. एकनाथ महाराज, 1533 ते 1599. त्यांची भारुडे नीट बघितली तर ती नाटकाची शाळाच आहे. वासुदेव, जोशी, गोंधळी, वेडी बाई, विंचू चावलेला माणूस, अशी गावातलीच माणसे त्यात बोलतात. विंचवाचे भारूड करायचे तर लेकराला कळा कशा येतात ते अंगातून दाखवावे लागते, आवाज चढवावा-उतरवावा लागतो, टाळाचा ठेका सांभाळावा लागतो आणि शेवटी अर्थही सांगावा लागतो. सहावी-सातवीच्या मुलाला याहून चांगला धडा कुठला? आपल्याच सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे बुरगुंडा करायला उभे राहिले की मांडव हलायचा. 2021 मध्ये, कोरोनाच्या काळात ते गेले.

आता दहावीला रेखाकला परीक्षेच्या श्रेणीवर वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय कला आणि लोककलेलाही मिळतात. मात्र मान्यता असलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. आजीकडून शिकलेल्या ओवीचे प्रमाणपत्र कोण देणार, हा आमचा प्रश्न आहे.

मग कायदा काय म्हणतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात लिहिले आहे की, सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक द्यावेत. शंभराच्या वर! आपल्या वाड्यावस्त्यांवर एवढी लेकरे कुठून आणायची? वेळापत्रकात तास आहे आणि शिकवणारा माणूस नाही, याचे मूळ बऱ्याच ठिकाणी इथे आहे. पण त्याच कायद्याचे 21 वे कलमही वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या जागा बायकांच्या. आमच्या गटातल्या तिघी या समितीत आहेत. दोन वर्षे त्यांनी फक्त सह्या केल्या होत्या, हेही कबूल करतो.

या खेपेला त्यांनी सभेत विषय काढला. सर म्हणाले, "ताई, पट 62 आहे, निदेशक मिळत नाही. आणि गणितात पोरं मागं आहेत, मी तरी काय करू?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, ते एकटे तीन वर्ग सांभाळतात. एक ताई म्हणाली, निदेशकासाठी अर्ज करूच, पण तोवर शुक्रवारचा तास आम्हाला द्या. बरीच वादावादी झाली. शेवटी महिन्यातले दोन शुक्रवार मिळाले.

पहिल्या शुक्रवारी गटातल्या सत्तरीच्या एका आजी गेल्या. सोबत गेरू, चुना, काजळी आणि भिजवलेल्या मातीची पाटी. शाळेच्या मागच्या भिंतीचा एक कोपरा पोरांनी आधी लिंपला. वाळेपर्यंत आजींनी जात्यावरच्या ओव्या सांगितल्या. मुले हसली, मग मागून म्हणू लागली. चित्र त्या दिवशी झालेच नाही, गिलावा ओला राहिला. ते पुढच्या पाळीला झाले : एक बैल, तीन बाया आणि टाकीवर चढलेले एक माकड. बैलाला पाच पाय का, असे सरांनी विचारले, तर ती सहावीतली लेक म्हणाली, "तो चालतोय ना सर."

गणिताचा राहिलेला तास सरांनी शनिवारी घेतला.