गॅरेजमध्ये डीप फ्रीझर लावताय? आधी प्लग पॉइंट तपासा

घरगुती डीप फ्रीझर एरवी फार वीज खात नाही. पण कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण कित्येक पट करंट ओढतो. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड नको. त्याची बारीक वायर आणि सैल पिन तापून आग लागू शकते. वायरमनकडून स्वतंत्र सर्किटवर, अर्थिंगसह 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्या.

गॅरेजची फरशी अनेकदा ओली असते. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवतो तो 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो सारखा ट्रिप होत असेल तर काढून टाकू नका, बिघाड शोधा.

मात्र घरभर एकच आरसीसीबी असेल, तर गिझरच्या बिघाडानेही फ्रीझर बंद पडतो आणि गॅरेजमध्ये ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे फ्रीझरची लाइन वेगळ्या आरसीसीबीवर घ्या आणि तापमानाचा अलार्म लावा.

वीज गेल्यास झाकण उघडू नका. पूर्ण भरलेला फ्रीझर साधारण 48 तास, अर्धा भरलेला 24 तास थंडावा धरतो. उन्हाळ्यात तापलेल्या गॅरेजमध्ये त्याहून कमी.