आखूड आतड्याचे रुग्ण : दीर्घकालीन जीविताच्या मोजमापाचा इतिहास

आतड्याची लांबी हा विषय शस्त्रवैद्यकात प्रथम आला तो किती कापता येईल, या प्रश्नाच्या रूपाने. १९३५ साली हेमंड यांनी लहान आतड्याचा मोठा भाग काढलेल्या २५७ रुग्णांच्या हकिकती एकत्र केल्या. एक तृतीयांश आतडे गेले तरी माणूस निभावतो, निम्मे ही सुरक्षिततेची सीमा होय, असे त्यांचे मत पडले. त्या सीमेपलीकडील रुग्णाच्या भवितव्याचा विचार करण्याचे फारसे कारणच नव्हते. त्याच्या वाट्यास बहुधा उपासमार येई.

हे चित्र पालटले ते १९६८ साली. फिलाडेल्फिया येथे डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ शिरेवाटे अन्न देऊन कुत्र्याची पिले वाढविली. १९७० च्या सुमारास हेच पोषण रुग्णास घरी घेता येऊ लागले. टोरांटोत जीजीभॉय यांनी त्याचा पाठपुरावा केला. मात्र दीर्घ जगण्याने नवे दोष उघडे पाडले. त्यांच्याच एका रुग्णास तीन वर्षांहून अधिक काळ या पोषणावर काढल्यावर मधुमेहासारखी लक्षणे व मज्जाविकार जडले. क्रोमियम देताच ते ओसरले, हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी पोषणात या धातूचे स्थान काय, या वादात ही एक हकिकत आजही पुढे केली जाते, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

खरे मोजमाप आले ते १९९९ मध्ये. फ्रान्समधील मेसिंग यांनी कर्करोगेतर कारणांनी आतडे आखूड झालेल्या १२४ प्रौढांचा अभ्यास मांडला. जगण्याची संभाव्यता दोन वर्षांनी ८६ व पाच वर्षांनी ७५ टक्के. शिरेवाटे पोषणावर अवलंबून राहण्याची ४९ व ४५ टक्के. पहिल्या जोडीत घट स्पष्ट आहे, दुसरी जवळजवळ स्थिर आहे. म्हणजे उरलेले आतडे किती सावरणार, हे बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतच ठरते. लांबीइतकेच महत्त्व मोठे आतडे जोडलेले राहिले की नाही यासही आहे. केवळ पाणी शोषणारा अवयव म्हणून ज्याची गणना होई, ते न पचलेल्या पिष्टापासून ऊर्जा मिळवून देते, असे नॉर्डगार्ड प्रभृतींनी १९९४ मध्ये दाखविले होते.

२०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या टेड्यूग्लुटाइडने शिरेवाटे द्यावयाच्या द्रवाचे प्रमाण घटते. तेव्हापासून आठवड्यातील किती रात्री रुग्ण नळीविना झोपतो, हीही मोजण्याजोगी बाब ठरली आहे.