नळदुर्ग कोणाचा? सोलापुराहून सायकलने शोधलेलं उत्तर

गेल्या पावसाळ्यात निबंधाच्या वह्या तपासत होतो. विषय नेहमीचाच, ‘मी पाहिलेला किल्ला’. एका मुलाने नळदुर्गवर लिहिलं होतं. पहिल्याच ओळीत आधी ‘आपला किल्ला’ असं होतं, ते खोडून ‘शत्रूचा किल्ला’ केलेलं, मग तेही खोडून जागा कोरी सोडलेली. वही परत देताना विचारलं, तर खाली बघत म्हणाला, “सर, काय लिहू? पुस्तकात आदिलशाही म्हणजे शत्रू आहे. आणि गल्लीतली पोरं म्हणतात, तुमच्याच लोकांचा किल्ला आहे.”

मी भाषेचा मास्तर. शुद्धलेखनाची चूक असती तर लाल पेनाने दुरुस्त केली असती. ही चूक कोणाची, तेच मला ठरवता येईना. “पुढच्या आठवड्यात सांगतो,” म्हणून वेळ मारून नेली.

दर रविवारी मी फज्रनंतर सायकल काढतो. गिअर नसलेली, साधी. त्या रविवारी लांब गेलो नाही, भुईकोट किल्ल्याच्या कडेने सिद्धेश्वर तलावावर थांबलो. एका बाजूला तलावातलं मंदिर, दुसऱ्या बाजूला बहामनी काळातल्या किल्ल्याची तटबंदी. बाराव्या शतकात शरण सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हा तलाव खोदला, असं सोलापूर मानतं. किल्ला त्यानंतरचा. बांधणाऱ्यांनी तलाव बुजवला नाही, त्याच्याच काठाला तट उभा केला. एका बाजूने शत्रूला पाण्याने अडवलं, हा त्यांचा फायदा.

याच किल्ल्यावरून बरंच रक्त सांडलं आहे. 1524 मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं. आंदण म्हणून सोलापूर द्यायचं ठरलं होतं. ते दिलं गेलं नाही, आणि दोन्ही घराणी एकमेकांवर चालून गेली. पुढे 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधी हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली. निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, आणि आंदणात सोलापूरचा किल्ला विजापूरकडे गेला. आपलं गाव असं दोन वेळा लग्नाच्या यादीत होतं.

मला त्या मुलाचे शब्द आठवले, ‘तुमच्याच लोकांचा’. पण कोणत्या लोकांचा? दोन्हीकडे कलमा पढणारे सुलतान, दोन्हीकडे मराठे सरदार. 1636 नंतर खुद्द शहाजीराजे आदिलशाहीत होते. किल्ल्यासाठी लढणारे धर्म बघून दोन रांगांत उभे राहिले नव्हते. आपणच त्यांना मागाहून तसं उभं करतो.

पुढच्या रविवारी तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याला गेलो. शहर सुटलं की सात-आठ किलोमीटरवर पाणी लागतं. सकाळच्या वेळी तिथे फक्त वारा, मासेमारांच्या होड्या आणि बगळे. धरणाच्या बांधावरून नजर टाकली तर पाण्याचं दुसरं टोक धुक्यात जातं. आपण याला हिप्परगा म्हणतो, सरकारी दफ्तरात तो एकरूख तलाव. आदिला नदीवरचं हे मातीचं धरण दोन किलोमीटरहून लांब आहे. इंग्रजांनी ते 1871 च्या सुमारास पुरं केलं. लगेच पाच वर्षांनी 1876 चा मोठा दुष्काळ आला आणि सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. एका तलावाने सगळा जिल्हा तगत नाही, हे तेव्हा दिसलं. तरीही शहराची तहान पुढची कित्येक दशकं या पाण्याने भागवली आणि आजही थोडीफार भागवतं.

बांधावर बसून चहा पिताना वाटलं, इंग्रजांनी तर आपली माणसं फासावर चढवली. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना फाशी झाली. चार पुतळ्यांसमोरून मी रोज जातो. पण हिप्परग्याचं पाणी भरताना कोणी ‘शत्रूचं पाणी’ म्हणत नाही. राजवटीचा हिशेब वेगळा मांडतो, पाण्याचा वेगळा. मग नळदुर्गच्या वेळीच दोन्ही हिशेब एका वहीत का जातात?

तिसऱ्या रविवारी नळदुर्गला निघालो. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने 45-50 किलोमीटर. महामार्ग चौपदरी, ट्रकांचा धडधडाट, त्यामुळे जिथे जमेल तिथे मी गावातून जाणारा जुना रस्ता धरला. बोरामणी गेलं, इटकळ गेलं. दोन्हीकडे तूर आणि सोयाबीन, मधे एखादं बाभळीचं बन, कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसं. सायकल पाहून एकाने विचारलं, “काय मास्तर, गाडी बंद पडली काय?”

मोटारीत बसलेल्याला हा रस्ता सपाट वाटतो. सायकलवाल्याच्या मांड्यांना कळतं, की आपण सावकाश वर चढतोय, बालाघाटाच्या डोंगराळ अंगाकडे. ज्या बाजूने आपल्याला जोर लावावा लागतो, त्याच बाजूने पाणी आपल्याकडे येतं. सोलापूर जिल्ह्याच्या पावसाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्याही खाली. अशा मुलखात उतार ओळखणं आणि पाणी अडवणं, यापेक्षा मोठं राज्यकारभाराचं काम कोणतं असणार?

नळदुर्गच्या किल्ल्यात शिरलं की तटबंदी आणि बुरुज मागे टाकत आपण बोरी नदीपाशी येतो. इथे नदी अडवून आडवी भिंत घातली आहे. भिंतीच्या एका बाजूला मुख्य किल्ला, दुसऱ्या बाजूला रणमंडळ, म्हणजे ही भिंत धरणही आहे आणि पूलही. आणि भिंतीच्या पोटात खोल्या आहेत, जिने आहेत, खिडक्या आहेत. हाच पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये तो बांधला गेला. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन.

मी गेलो तेव्हा वरच्या अंगाचं बोरीचं धरण भरून वाहत होतं. भिंतीवरून दोन ठिकाणी पाणी कोसळतं, एका धारेला ‘नर’ म्हणतात, दुसरीला ‘मादी’. खिडकीत उभं राहिलं तर पाण्याचा पडदा समोर कोसळतो, आणि आपण मात्र कोरडे. चारशे वर्षं पूर अंगावर घेऊन ती भिंत उभी आहे. आत फारसी शिलालेख आहे. उर्दू शिकवत असल्याने अक्षरं ओळखीची वाटली, पण तेवढ्या अंधारात सलग वाचता आला नाही. जवळ एक आजी नातवाला सांगत होत्या, “ही नर, ती मादी.” ‘मादी’ हा मूळ फारसी शब्द. ‘बुरुज’ अरबी, ‘महाल’ अरबी, ‘पाणी’ आपलं. त्या आजीला याची खबर नव्हती, असायची गरजही नव्हती.

ज्याच्या राज्यात ही भिंत उभी राहिली तो इब्राहीम गादीवर आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याची चुलती चांदबीबी कारभार बघत होती, तीच, जिच्या लग्नात सोलापूर आंदण गेलं. त्याच सुमारास नळदुर्गला वेढा पडला. वेढा घालणारे होते निजामशहा आणि कुतुबशहा. मोठेपणी याच इब्राहीमने दखनीत ‘किताब-ए-नवरस’ लिहिलं आणि त्यात सरस्वतीला वंदन केलं. त्याला लोक जगद्गुरू म्हणत. त्याच्याआधीच्या पहिल्या इब्राहीमने महसुलाचं दफ्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणलं होतं. गावच्या कुलकर्ण्याला त्यामुळे काय सोपं झालं असेल, ते सरकारी अर्ज भरणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण मला आदिलशाहीची आरती ओवाळायची नाही. याच सुलतानांच्या फौजांनी शेतं तुडवली, गावं लुटली. पाणीमहालाचा पैसा रयतेच्या साऱ्यातून आला. मीर इमादीनचं नाव उरलं. दगड घडवणाऱ्या पाथरवटांचं आणि चुना मळणाऱ्या बायकांचं कुठे उरलं? त्यांत कोण हिंदू, कोण मुसलमान, भिंत सांगत नाही. पण सांधा नीट बसला होता एवढं ती दर पावसाळ्यात सांगते.

पुढे हा किल्ला मोगलांकडे गेला, मग निजामाकडे. 1853 मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, आणि मेडोज टेलर हा ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा अधिकारी नळदुर्गला राहायला आला. 1860 मध्ये मुलूख परत निजामाकडे. आज किल्ला धाराशिव जिल्ह्यात, आणि बोरी नदी पुढे आमच्या अक्कलकोट तालुक्यात उतरून भीमेला मिळते. गावाजवळच खंडोबाचं ठाणं आहे; देव वर्षातले काही महिने नळदुर्गला आणि बाकीचे शेजारच्या अणदूरला मुक्कामाला असतो. एवढ्या मालकांनी किल्ला हाताळला, त्यातल्या कोणाला ‘आपले’ म्हणायचं आणि कोणाला नाही, याची यादी करायला बसलो तर निबंध संपायचाच नाही.

येताना उतार होता, वारा मात्र तोंडावर. घरी पोचेपर्यंत अस्रची अजान झाली होती. पाय दुखत होते, पण उत्तर सापडलं होतं.

सोमवारी त्या मुलाला वही काढायला सांगितली. म्हणालो, “कोऱ्या जागेत ना ‘आपला’ लिही, ना ‘शत्रूचा’. 1613 लिही. मीर इमादीन लिही. बोरी नदी लिही. किल्ला कोणाशी लढला ते लिही, आणि त्याने पाणी कसं अडवलं तेही लिही. मग वाचणाऱ्याला ठरवू दे.”

त्याने लिहिलं. मग पेन्सिल चावत विचारलं, “सर, पण गल्लीतल्या पोरांना काय सांगू?”

“पोरांना म्हणावं, पावसाळ्यात एकदा माझ्याबरोबर चला. सायकलवर.”

त्याच्याकडे सायकल नाही, हे मला नंतर कळलं. येत्या रविवारी शेजाऱ्याची मागून घेणार आहे. पहिल्या वेळी हिप्परग्यापर्यंतच. चढ हळूहळू अंगवळणी पडतो.