पेडणे-डिचोली आणि पणजीची प्रयोगशाळा

पणजीत १८४२ साली वैद्यकीय-शल्य विद्यालय निघाले, तेव्हा डिचोली व पेडणे पोर्तुगीज अमलाखाली येऊन अर्धशतकाहून थोडाच अधिक काळ लोटला होता. या नव्या काबिजादींत मुले मराठी शिकत. विद्यालयात पोर्तुगीज चाले. शापोरा नदी होडीने ओलांडता येई, भाषेची अडचण अधिक अवघड होती. पुढे फ्रोयलानु द मेलु या जीवाणुशास्त्रज्ञाने विद्यालयाचे प्रमुखपद भूषविले. पण त्यांच्या सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचण्यासाठी विद्यार्थ्याला आधी पणजीचे लिसेव गाठावे लागे, आणि तो खर्च किती घरांना झेपणार? मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. माध्यम इंग्रजी आले. पेडण्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन मात्र २०२२ च्या डिसेंबरात झाले.