अमर शेख

शेख, अमर : (२० ऑक्टोबर १९१६ – २९ ऑगस्ट १९६९). मराठी लोकशाहीर, कवी, गायक व नट. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, एका गरीब मुसलमान कुटुंबात. आई मुनेरबी हिच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या व लोकगीते हीच त्यांची पहिली संगीतशाळा; पुढे ज्या आवाजाने अफाट जनसमुदाय भारून टाकला, त्यातील मराठी बोलीचा निखळ ठसा या मातृदत्त संस्कारातूनच उमटला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

त्यांच्या घडणीचा काळ या मुलखाच्या इतिहासातील अत्यंत प्रक्षुब्ध काळ होता. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायद्याचा अंमल सुरू झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी देण्यात आली, तेव्हा मेहबूब चौदा वर्षांचा होता. गिरण्यांच्या भोंग्यावर जागे होणारे ते सोलापूर आज राहिलेले नाही; परंतु अमर शेखांची शाहिरी समजावयाची, तर तो गिरणगावच डोळ्यांपुढे आणला पाहिजे. उदरनिर्वाहासाठी मोटारीवर क्लीनर म्हणून राबल्यावर ते बार्शीच्या गिरणीत कामगार झाले, संपाच्या अग्रभागी राहिले व विसापूरच्या तुरुंगात गेले. तेथेच त्यांचा साम्यवादी विचाराशी निकट परिचय झाला. त्यानंतर कोल्हापुरात चित्रपट-दिग्दर्शक मास्टर विनायक यांच्याकडे काही काळ काम करीत असता ‘अमर शेख’ हे नाव त्यांना लाभले.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊंची प्रतिभाशाली लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी, दूरवर पोहोचणारा आवाज यांच्या या संयोगाने पोवाडा व लावणी यांना कामगारवस्तीत नवे आयुष्य मिळाले. याच सुमारास अमेरिकेत वुडी गथ्री (१९१२–१९६७) गिटार घेऊन बेघर शेतकऱ्यांची व श्रमिकांची गाणी गात होता, आणि तेथील पुढच्या पिढीच्या गीतकार-गायकांनी त्याला गुरुस्थानी मानले; आपल्याकडे डफ घेऊन तेच कार्य करणाऱ्या या शाहिराकडे मात्र साहित्यसमीक्षेने पुरेशा गांभीर्याने पाहिले नाही, ही खेदाची गोष्ट होय. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी गावोगाव सभा गाजविल्या, गोवामुक्तीसाठीही ते गायिले, आणि १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशाच्या संरक्षणनिधीसाठी त्यांनी कार्यक्रम केले.

‘अमरगीत’ (१९५१), ‘कलश’ (१९५८) व ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे गीत-काव्यसंग्रह. ‘पहिला बळी’ हे नाटक. आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्की याच्याशी केली होती. त्यांच्या रचना श्रोत्यांसमोर, श्रोत्यांच्या हुंकारासरशी फुलत असल्याने छापील पृष्ठावर त्यांचे अर्धेच बळ उतरते. त्यांचे मूल्यमापन केवळ पुस्तकावरून करणे अन्यायाचे ठरेल. ‘महात्मा फुले’ (१९५४) व ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या.

इंदापूरनजीक मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.