पित्तनलिकेचा कर्करोग आणि एमआरआय : पाहण्यापासून अंदाजापर्यंत

जयपूरचे सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. त्या काळी पित्तनलिकेत वाढणारी गाठ शस्त्रक्रियेआधी चित्रात पाहण्याची सोय जगात जवळजवळ कुठेच नव्हती. काविळीने पिवळा पडलेला रुग्ण यायचा, आणि गाठ किती पसरली आहे हे पोट उघडल्यावरच कळायचे. आज सर्जन शस्त्रक्रियेच्या आधीच विचारतो: गाठ शेजारच्या रक्तवाहिनीत शिरली आहे का? हा प्रश्न आधी विचारणे कसे शक्य झाले, ते या घटकात पाहू.

रक्तवाहिनी महत्त्वाची का?

पित्तनलिका यकृतातले पित्त आतड्याकडे नेते. तिला अगदी चिकटून दोन वाहिन्या असतात: आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणारी पोर्टल व्हेन आणि यकृताची धमनी. गाठ काढताना अनेकदा यकृताचा मोठा भाग कापावा लागतो. मागे राहणाऱ्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनीच गाठीने वेढली असेल, तर शस्त्रक्रिया फार अवघड किंवा अशक्य होते. शिवाय रक्तवाहिनीत शिरलेल्या पेशी दूरवर पोहोचू शकतात.

सावलीकडून चित्राकडे

रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. त्यात हाड उठून दिसते, पण पित्तनलिका आणि रक्तवाहिनी दिसत नाहीत. १९२४ मध्ये ग्रॅहम आणि कोल यांनी रुग्णाला विशिष्ट रसायन देऊन पित्ताशयाची सावली मिळवली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी रक्तवाहिनीत सरकवण्याची सोपी पद्धत मांडली. आता वाहिनीत औषध सोडून तिची आतली पोकळी पाहता येऊ लागली. मात्र पोकळी अरुंद दिसली, तरी गाठ वाहिनीला बाहेरून दाबते आहे की भिंत भेदून आत शिरली आहे, हे त्या सावलीतून नक्की सांगता येत नसे.

१९६५ मध्ये अमेरिकेतील जेराल्ड क्लाट्स्किन यांनी यकृताच्या दाराशी, दोन नलिका मिळतात तिथे झालेल्या गाठींचे १३ रुग्ण वर्णन केले. गाठ लहान असूनही पित्ताचा मार्ग अडवून ती जीव घेते, हे त्यांनी दाखवले. जागा चिंचोळी, शेजारी मोठ्या वाहिन्या. म्हणून नेमक्या नकाशाची गरज अधिकच जाणवू लागली.

हा नकाशा भौतिकशास्त्रातून आला. १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी, स्वतंत्रपणे, चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांचा संकेत टिपला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी त्या संकेतातून पाण्याच्या नळ्यांची प्रतिमा तयार केली. भारतात दिल्लीच्या इन्मास या संस्थेत १९८६ साली एमआरआय आले. १९९१ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी साचलेले द्रव ठळक दाखवणारी एमआरआय पद्धत पित्तनलिकांसाठी वापरली. नलिकेत काहीही न टोचता पित्तच चित्रात उजळले. एकाच तपासणीत नलिका, गाठ आणि वाहिनी शेजारी शेजारी पाहण्याचा मार्ग खुला झाला.

पाहणे आणि अंदाज बांधणे

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. मोठ्या वाहिनीला गाठीने वेढले असेल, तर ते एमआरआयमध्ये दिसते. पण यकृतातल्या पित्तनलिकांच्या कर्करोगात पेशी अतिसूक्ष्म वाहिन्यांतही शिरतात. हे आक्रमण सूक्ष्मदर्शकाखालीच सिद्ध होते, म्हणजे गाठ काढून झाल्यावर. एमआरआय ते थेट दाखवू शकत नाही. त्याच्या खुणा देऊ शकते. गाठीचा आकार, तिच्या कडेने औषध कसे शोषले जाते, पेशींच्या गर्दीत पाण्याची हालचाल किती अडते, या त्या खुणा. २०१२ च्या सुमारास रेडिओमिक्स ही शाखा पुढे आली: चित्रातून शेकडो आकडे काढायचे आणि संगणकाकडून धोक्याचा अंदाज घ्यायचा.

इथे पणाला काय लागले आहे, ते पाहा. अंदाज चुकून "आक्रमण आहे" म्हणाला, तर बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया टळू शकते. चुकून "नाही" म्हणाला, तर पुढचे उपचार आणि देखरेख अपुरी पडू शकते. यातले बरेचसे अभ्यास पूर्व आशियातील रुग्णालयांच्या जुन्या नोंदींवर झाले आहेत. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून येणारा यकृतातील परजीवी हे या रोगाचे मोठे कारण आहे. राजस्थानात तसे नाही. तिकडच्या गाठींवर शिकलेला संगणक जयपूरच्या रुग्णाबाबत तितकाच बरोबर ठरेल, हे गृहीत धरता येत नाही. इथल्या रुग्णांवर ते तपासावे लागते.

तपासायला आधी रुग्ण यंत्रापर्यंत पोहोचावा लागतो. राजस्थान सरकारने २०११ मध्ये मोफत औषध योजना आणि २०१३ मध्ये मोफत तपासणी योजना सुरू केली. २०२२ मध्ये सरकारी रुग्णालयांत एमआरआयसारख्या महागड्या तपासण्याही मोफत करण्याचे धोरण आले. तंत्राच्या इतिहासात हे निर्णयही मोजा. कोणाची चित्रे घेतली जातात, यावरच कोणासाठी अंदाज बांधता येतो हे ठरते.

विचारासाठी

१. १९५३ ची पद्धत आणि १९९१ ची पद्धत यांतून सर्जनला मिळणारी माहिती कशी वेगळी आहे?
२. "दिसते" आणि "अंदाज आहे" यांतला फरक रुग्णाला कोणत्या शब्दांत समजावून सांगाल?